परबकाकांच्या गाडीचं गाऱ्हाणं

परबकाकांच्या गाडीत बसण्याआधी पायातलं काढून बोनेटसमोर उभं राहावं लागे. मग काका हात जोडून कोकणातल्या आपल्या देवाला खणखणीत मालवणीत गाऱ्हाणं घालत. ‘बा देवा म्हाराजा, ह्यो पोरगो कामाक जाता, तेका सुखरूप पोचव रे म्हाराजा!’ प्रत्येक वाक्याला मी ‘व्हय म्हाराजा!’ म्हणायचं. हळू म्हटलं, तर पुन्हा पहिल्यापासून.

त्यात काय नसे? रस्त्यातले खड्डे, सिग्नल, मागच्या डाव्या टायरमधली हवा. ‘तेच्या सायबाची मती जाग्यार ठेव रे म्हाराजा!’ याला मी मनापासून होकार देई, पण तोवर गॅलऱ्यांमधून लोक बघायला लागलेले असत.

मी उदगीरचा. घरातला पहिला पदवीधर, तोही भौतिकशास्त्राचा. घाटकोपरला भाड्यानं राहायला आलो, तेव्हा समोरच्या दारात एकटेच राहणारे काका पहिल्याच आठवड्यात म्हणाले, ‘मेट्रो स्टेशनाक सोडतंय, चल.’ माझे डोळे भरून आले. मुंबईत कुणी कुणाला विचारत नाही, असं गावाकडे ऐकलं होतं. नंतर लक्षात आलं, मेट्रो चालत बारा मिनिटांवर आहे आणि काकांच्या गाडीतून गाऱ्हाण्यासकट पंचवीस. पण उपकार करणाऱ्याला नाही कसं म्हणायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

काका गिरणीकामगाराचा मुलगा. नोकरीत असताना घेतलेली ही त्यांची पहिली गाडी, आणि दुसरी त्यांनी घेतलीच नाही. तिला ते ‘बाय’ म्हणत. इंजिन अडखळलं की ‘आज बायक खोकलो झालोहा.’

गेल्या महिन्यात माझी महत्त्वाची मीटिंग होती. ‘काका, आज गाऱ्हाणं नको ना, प्लीज,’ मी म्हणालो. काका चपला घालून स्टिअरिंगवर बसले. पहिल्याच सिग्नलला थांबलो आणि मागून पाण्याचा टँकर येऊन आदळला. आम्हाला खरचटलंही नाही. बायची मात्र पाठ मोडली. मेकॅनिकनं एकदाच वाकून पाहिलं. ‘काका, वाट लागली. चेसिस वाकलीय. भंगारात द्या.’

काका आता म्हणणार, ‘बघितलंस? गाऱ्हाणं चुकवलंस!’ म्हणून मी टँकरच्या ब्रेकविषयी सविस्तर उत्तर तयार ठेवलं होतं. ते म्हणालेच नाहीत. उलट रोज विचारत, ‘मान दुखता काय रे तुझी?’ त्यानं मी अजूनच वैतागलो.

रविवारी क्रेन आली. बायला हुक लावला. काकांनी चपला काढल्या. ‘बा देवा म्हाराजा, माझी बाय आज जाता...’ आणि थांबले. पुढचं येईना. क्रेनवाला हॉर्न वाजवायला लागला. ‘चाचा, जल्दी करो ना!’

‘काका, मनातल्या मनात म्हणून टाका ना!’ मी म्हणालो.

‘मनात कसा म्हणतलंय? व्हय म्हणूक कोणतरी नको?’ काका बायवरून हात फिरवत होते. ‘ही इली तेव्हा चाळीतली चाळीस घरां खाली उतरलेली. चाळ पाडली, सगळे खंयच्या खंय गेले. तूच एक गावलंस.’

रिटायर झालेल्या माणसाला रोज सकाळी आठ वाजता मेट्रो स्टेशनला काय काम असतं, हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या पदवीधराला दोन वर्षांत पडला नव्हता.

मी बूट काढले आणि ‘व्हय म्हाराजा!’ असा ओरडलो, की क्रेनवाल्यानंही हात जोडले.

सोमवारी सकाळी काका पार्किंगच्या रिकाम्या चौकोनापाशी उभे होते. मला उशीर झाला होता. तरी बॅग खाली ठेवली, बूट काढले.

‘काय रे? गाडी खंय आसा आता?’

‘चालत जाणाऱ्यांचं गाऱ्हाणं देव ऐकत नाही का, काका?’

काकांनी घसा खाकरला, हात जोडले आणि बारा मिनिटांच्या रस्त्यासाठी पंधरा मिनिटं गाऱ्हाणं घातलं.