सारख्या अंतराची गिटार

धुडकूआबांनी माझ्या मुलीच्या लग्नात चालू पंगतीतून नवरदेवाच्या मामांना उठवलं. कारण काय, तर मामांच्या आणि शेजारच्या ताटात चार बोटं अंतर जास्त होतं. मामांच्या हातात वरणभाताचा घास होता. आबांनी ताट सरकवलं, दोन पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून सगळी पंगत न्याहाळली आणि म्हणाले, "आते बसा. आते कसं बठ्ठं सारखं शे!" व्याह्यांकडची मंडळी अजून मला हा किस्सा ऐकवतात, आणि ऐकवताना हसत नाहीत.

आबा रेल्वेत रूळ सांभाळणाऱ्या टोळीचे मुकादम होते. मूळचे अमळनेरकडच्या खेड्यातले, त्यामुळे बोलणं पक्कं अहिराणी, 'सगळं'ला बठ्ठं आणि 'आहे'ला शे. नोकरीसाठी भुसावळला आले, इथेच रमले आणि निवृत्त झाल्यावर नेमकं माझ्या शेजारी घर बांधलं. रुळांखालचे स्लीपर सारख्या अंतरावर आहेत की नाहीत हे बघण्यात त्यांची उभी हयात गेली. नोकरी संपली तरी ती नजर काही गेली नाही. आमच्या दोरीवरचे कपड्यांचे चिमटे ते येता-जाता सारख्या अंतरावर लावून जातात. शिवाय खिशात कायम एक छोटी हातोडी. नारळ असो, कलिंगड असो, नाहीतर माझं नवं कपाट, आबा त्यावर एक टोला मारतात, कान लावतात आणि निकाल देतात. माझ्या कपाटाला त्यांनी "ढिलं शे" म्हटलं होतं. ते पुढे खरंच ढिलं निघालं, म्हणून मला त्यांचा जास्तच राग आला. मी तुसडा आहे असं आमच्या घरात मत आहे, ते मला मान्य आहे.

तर या माणसाने वयाच्या सत्तरीनंतर एक दिवस जाहीर केलं, "भाऊ, मी गिटार बनाडस. करंटवाली."

मी म्हटलं, "आबा, तुम्हाला खुर्चीचा पाय तरी बसवता येतो का?"

"लोखंडनं बठ्ठं येस. लाकूड शिकी लिसू."

हे खूळ कुठून आलं ते गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, फक्त कुणी तोंडाने म्हणत नव्हतं. आबांचा एकुलता एक मुलगा योगेश पुण्यात नोकरीला असतो. कॉलेजात असताना त्याला इलेक्ट्रिक गिटार हवी होती. आबांनी तेव्हा सांगितलं होतं, की फळीला तारा ठोकायच्या, त्यात काय एवढं? पोरगा पुढे काही बोलला नाही. तो आबांशी फारसा बोललाच नाही म्हणा ना. जे काही बोलणं व्हायचं ते आईशी. आई म्हणजे आमच्या अक्का. त्या फोन कानाला लावून ओट्यावर बसायच्या आणि आबा बाजूला उगाच कडी-कोयंडा ठोकत उभे राहायचे. अक्का गेल्या आणि फोनचा धागाच तुटला. आता रविवारी फोन यायचा तो असा: "आबा, जेवलात? गोळी घेतली? ठेवू?" भिंतीला भिंत लागून असल्यामुळे मला आबांची उत्तरं ऐकू यायची. "हां. हां. ठेव."

तेव्हा गिटार कुणासाठी, हे विचारायची गरज नव्हती.

लाकूड कुठलं घ्यावं? दुसरा कुणी असता तर वखारीत गेला असता. आबांच्या अंगणात बसायला एक जुना लाकडी स्लीपर होता, रेल्वेच्या लिलावातला. रूळ जे लाकूड सांभाळतं ते तारा सांभाळणार नाही होय, असं म्हणून त्यांनी तोच कापायला घेतला. अर्धा जन्म डांबर प्यायलेलं ते लाकूड. पहिली करवत आत गेली आणि असा वास सुटला, की समोरच्या जोशीकाकू नाकाला पदर लावून माहेरी जाऊन आल्या. दुसरी करवत आतल्या मोडक्या खिळ्याला लागून दात पाडून बसली. रंधा कसा धरतात हे आबांना माहीत नव्हतं, तो ते रूळ घासायच्या कानशीसारखा चालवायचे. लाकडाचा भुसा आमच्या डाळीत आणि आबांच्या भुवयांत. मी रोज भांडायला जायचो आणि रोज मला लाकडाचं दुसरं टोक धरून उभं राहावं लागायचं.

मे महिन्यात त्यांनी गिटारची पहिली मान तासली, दाराच्या जुन्या चौकटीतून. आपल्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. लाकडाला तडे जातील म्हणून आबांनी ती मान कूलरसमोर ठेवली आणि स्वतः ओसरीत घाम पुसत बसले. आठवडाभर वाळ्याचा गार, ओला वारा खाऊन मान केळ्यासारखी वाकली. आबांनी तिच्यावर हातोडीचा एक टोला मारला, ऐकलं आणि दुसरी मान तासायला घेतली. कूलर पुन्हा घरात फिरवून घ्यायचं मात्र त्यांना दोन दिवस सुचलं नाही.

गिटारच्या भागांना आबांनी आपली नावं दिली होती. अख्खी गिटार म्हणजे लाइन, तारा म्हणजे रूळ. मानेवर ज्या आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, ज्यांना योगेश फ्रेट म्हणतो, ते स्लीपर. वायर जोडायची जागा म्हणजे सिग्नल. फ्रेट म्हणून त्यांनी सायकलचे आरे तोडून ठोकले, आणि ठोकले ते कसे! गुण्या लावून, पट्टी लावून, एक डोळा मिटून, अगदी एकसारख्या अंतरावर. ते काम संपलं त्या दिवशी आबांनी गल्लीला पेढे वाटले.

योगेशला ऑफिसच्या कामाने पुण्याहून नागपूरला जायचं होतं. गाडी भुसावळला थांबते. भुसावळला सगळ्याच गाड्या थांबतात, आमच्या गावाचं तेवढं एक सुख आहे. घरी यायला वेळ नाही, पण फलाटावर भेटू, असं तो म्हणाला. आबा चादरीत गुंडाळलेली गिटार खांद्यावर घेऊन निघाले. गॅसची टाकी उचलावी तसे वाकून चालले होते. माझ्या हातात भरीत-पुरीचा डबा. फलाटावर एका हवालदाराने चादरीकडे बोट दाखवून विचारलं, "काय आहे आत?" आबा ताठ उभे राहून म्हणाले, "लाइन." मला मधे पडून समजावावं लागलं.

योगेश उतरला, दोघांच्या पाया पडला. कपाळावरचे केस मागे हटलेले, कानात मोबाईलच्या त्या गोळ्या. आबांनी चादर सोडली. पोराने कानातल्या गोळ्या काढल्या.

"आबा, ही तुम्ही केली?"

"कोन करी मंग?"

तो बाकावर बसला. गिटार मांडीवर घेतली तसा "बाप रे" म्हणाला, पण हसत म्हणाला. पहिल्या फ्रेटवर बोट ठेवून तार छेडली. मग दुसऱ्यावर. मग खाली, मग वर. त्याचा चेहरा पडत गेला, आणि आबा त्याचा चेहराच बघत होते.

"आबा, हे सगळे सारख्या अंतरावर बसवलेत?"

आबांची छाती फुगली. "सूतभर फरक काढी दखाड!"

"तसं नसतं हो आबा. खाली जाताना ते जवळ जवळ येत जातात. हिच्यात एकही सूर लागणार नाही."

"जवळ जवळ?" आबांचा आवाज चढला. "मंग गाडी पडी जाई ना!"

आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांची दया आली. सारखेपणा सोडून त्या माणसाला दुसरं काही येत नव्हतं, आणि तेच चुकलं होतं. गाडीने भोंगा दिला. योगेशने डबा घेतला, गिटार आबांच्या हातात परत दिली आणि दारातून ओरडून म्हणाला, "मी फोनवर सांगतो, कसे बसवायचे ते!"

आबा चादर गुंडाळत राहिले. रिक्षात बसल्यावर हळूच म्हणाले, "भाऊ, फोनवर सांगस म्हने."

आणि खरंच, रविवारच्या फोनची तऱ्हा बदलली. आबांनी सगळे आरे उपटले, जुन्या खाचा भुसा आणि सरस घालून बुजवल्या. आता ते तारेखाली आऱ्याचा तुकडा धरायचे आणि फोन तोंडाशी ठेवून तार छेडायचे. तिकडून योगेश सांगायचा, "अजून खाली... थोडं वर... बस!" एका स्लीपरला अख्खी सकाळ जायची. मधे मधे गप्पाही व्हायच्या. आईच्या हातच्या कळण्याच्या भाकरीची आठवण निघाली. एकदा तर भिंतीपलीकडून मला आबांचं हसणं ऐकू आलं. मी आमच्या मंडळींना विचारलं, हा कोण हसतोय?

मग एक दिवस योगेशचा मला फोन आला. "काका, मी आबांना मोबाईलवर फ्रेटच्या मापांचा तक्ता पाठवलाय, पण त्यांना दिसत नाही म्हणतात. तुम्ही जरा छापून द्याल? एका दिवसात काम होईल."

मी छापून नेला. फलाटाच्या या टोकावरून त्या टोकाच्या डब्याचा नंबर वाचणारा हा माणूस. त्याने कागद हातात घेतला आणि सरसाच्या डब्याखाली सारला. "बारीक शे भो. दिसत नही."

"मोठ्या अक्षरात छापून आणतो."

"मोठं बी दिसत नही," आबा म्हणाले आणि माझ्याकडे न बघता लाकूड घासायला लागले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. संताप आला. कुणाचा, ते मला धड सांगता येणार नाही. बापाशी बोलायला पोराला निमित्त लागतं, आणि ते निमित्त बापाने करवतीने कापून तयार करायचं!

निम्मी मान भरली होती तेव्हा पार्सल आलं. आत काळीभोर, चकचकीत, कारखान्यातली इलेक्ट्रिक गिटार. योगेशचा निरोप होता: "आबा, त्या लाकडापायी आता जीव शिणवू नका. हात-बित कापून घ्याल. ही घ्या आणि मस्त आराम करा." गल्लीतली झाडून सगळी माणसं बघून गेली. "पोरगा असावा तर असा," म्हणाली. आबांनी सगळ्यांना चहा पाजला. त्या रविवारी भिंतीला कान लावायची मला गरज पडली नाही. "हां, भेटनी. हां. हां, गोळी लिधी. ठेव."

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेलो. आबा उरलेल्या अर्ध्या स्लीपरवर बसले होते. समोर नवी गिटार. त्यांनी तिच्या एकेका फ्रेटवर हातोडीने हलकेच टोला मारला, कान लावून ऐकलं. "घट्ट शे," म्हणाले. "काम चांगलं शे." मग त्यांनी पकड घेतली, मधल्या फ्रेटचं टोक धरलं आणि ओढायला लागले.

"आबा! अहो, करताय काय?"

ज्या माणसाने तांबडं निशाण लावल्याशिवाय रुळाचा एक नट कधी सैल केला नाही, त्याने धडधडीत चांगला फ्रेट उपटून काढला. मग फोन लावला.

"योगेश, तुनी ती काळी गिटार. एक स्लीपर निघी गया रे."

फोन मोठ्या आवाजावर होता. "अरेच्चा! आबा, परत पाठवा. बदलून मिळेल."

आबांनी माझ्याकडे बघितलं. असं त्यांनी माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं. मी भांडायला शब्द जुळवून आलो होतो. मी मुकाट्याने खाली बसलो आणि गिटारची मान दोन्ही हातांनी धरली, हलू नये म्हणून.

"परत कशाले?" आबा म्हणाले. "तू सांग. मी बसाडस. थांब, चष्मा लावस." चष्मा त्यांनी लावला नाही.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग योगेश म्हणाला, "बरं. सांगतो. पण आबा, एकच निघालाय ना? बाकीचे घट्ट आहेत ना?"

आबांनी गिटारच्या मानेवरून वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवला.

"नही रे," ते म्हणाले. "बठ्ठाच ढिला शेतस."