पंखा बंद करा, कार्ड चालू आहे

बायकोच्या वस्तूत तिला न विचारता सुधारणा करू नये, एवढं शहाणपण बहुतेक नवऱ्यांना लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत येतं. या घरातल्या नवऱ्याला ते अजून यायचं होतं. त्या दिवशी सकाळी बायको आंघोळीला गेली तशी त्याने तिचा कॉम्प्युटर उघडला, आतलं जुनं ग्राफिक्स कार्ड उपसून काढलं आणि त्या जागी विटेएवढं, दोन पंख्यांचं नवं कोरं कार्ड बसवलं. कार्डाला वीज द्यायची वायर काही कुठे जुळेना, तेव्हा खोक्यात मिळालेला एक जोड लावून त्याने तीही जुळवली. एक स्क्रू उरला. तो त्याने खिशात टाकला.

बायको घरबसल्या इंटिरियरची चित्रं करून द्यायची. खोली बांधायच्या आधी ती कशी दिसेल ते कॉम्प्युटरवर हुबेहूब उभं करायचं, हे तिचं काम. टेबल होतं स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्या मधल्या बोळात, त्यामुळे घरातला प्रत्येक माणूस दिवसातून शंभर वेळा तिच्या खुर्चीला धक्का मारून जायचा आणि जाता जाता काहीतरी विचारायचा. आजवर तिच्या वाट्याला लोकांची कपाटं आणि चपलांचे स्टँडच आले होते. पहिल्यांदाच मोठं काम चालून आलं होतं. लहान मुलांच्या दवाखान्याची फिल्म करायची होती: दारातून आत शिरायचं, खेळण्यांवरून, बाकांवरून फिरत फिरत डॉक्टरांच्या खोलीपर्यंत पोचायचं. संध्याकाळी पाचच्या आत ती पाठवायची. डॉक्टरांना पसंत पडली तर अख्ख्या दवाखान्याचं काम तिचं, नाहीतर एक मोठी कंपनी टपून बसलेलीच होती. आर्किटेक्टबाईंनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. बायकोला हे काम इतकं हवं होतं की आठवडाभर ती जेवणाचं ताटही कॉम्प्युटरसमोरच घेऊन बसत होती.

जुनं कार्ड मठ्ठ होतं, पण भरवशाचं होतं. सकाळी फिल्म लावली की दुपारपर्यंत तयार होईल, असा तिचा सगळा हिशोब बसलेला होता. ती केस पुसत बाहेर आली आणि टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिली.

"हे काय केलंस?"

"सरप्राइज," नवरा म्हणाला.

"आज?"

"अगं, आजच तर गरज आहे. दिवसभराचं काम हे तासाभरात करतं."

खरं सांगायचं तर कॉम्प्युटर चालू झाला, चित्रही झकास दिसायला लागलं आणि घटकाभर तिलाही वाटलं की बरं केलं की याने. नवरा तर रजा टाकून घरी थांबला होता, ते बहुधा कौतुक ऐकायलाच. तिने फिल्म तयार करायला लावली. कार्डाचे पंखे घोंघावू लागले. दवाखान्याचं दार उघडलं, आणि टप्प. पडदा काळा.

पुन्हा चालू केला, पुन्हा दारापर्यंत गेला, पुन्हा टप्प. जणू दवाखान्यात शिरायला तोच घाबरत होता. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर बैठकीच्या खोलीतून आप्पांचा आवाज आला, "लोड येतोय."

आप्पा म्हणजे सासरे. सगळी नोकरी वीज खात्यात वायरमन म्हणून गेली, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांच्या ताब्यात एकच इमारत उरली होती, ती म्हणजे हे घर. त्यांच्या राज्यात इस्त्री लावायची तर आधी ओरडून सांगायचं, गिझर चालू असताना मिक्सरला हात लावायचा नाही, आणि पाहुणा आला तरी त्याने मोबाइल चार्जिंगला लावण्यापूर्वी आप्पांकडे नुसतं बघायचं. कुणाला काही वाटत नसे. सवय झाली होती. त्यामुळे आप्पा उठून आले, कार्डाच्या खोक्यावरचे आकडे वाचले आणि "बापरे, हे तर राक्षस आहे" असं म्हणाले, तेव्हा घरातल्या सगळ्यांना ते पटलं. सगळ्यांना म्हणजे नवऱ्यालाही.

आधी टीव्ही बंद झाला. मग पंखे. सासूबाई वाटण वाटत होत्या, त्यांचा मिक्सर अर्ध्यावर थांबला. तरीही कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा आप्पांनी फ्रिजची पिन उपटली. आणि काय योगायोग बघा, या खेपेला फिल्म दवाखान्याच्या पहिल्या बाकापर्यंत गेली आणि मगच काळोख झाला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. आप्पांची छाती फुगली. ते म्हणाले की आता फक्त वरच्या काकूंचं वॉशिंग मशीन आड येतंय. नवऱ्याला वर पिटाळलं. काकूंचे कपडे साबणाच्या पाण्यात तसेच तरंगत राहिले आणि काकू चौकशीला खाली आल्या.

बायको इतका वेळ खुर्चीवरून उठत होती, बसत होती, घड्याळ बघत होती. अखेर तिने खाली वाकून कॉम्प्युटरच्या आतल्या पॉवर सप्लायवरचं, म्हणजे भिंतीतली वीज आतल्या भागांना वाटून देणाऱ्या डब्यावरचं लेबल वाचलं, मग कार्डाचं खोकं वाचलं, आणि कपाळावर हात मारला. तो पॉवर सप्लाय साडेतीनशे वॉटचा होता. कार्डाला साडेसहाशेचा लागत होता. तिने नवऱ्याला विचारलं की घेताना एवढं बघितलं नाहीस का. नवरा म्हणाला की रंग बघितला होता.

"आप्पा, फ्रिज लावा परत," ती म्हणाली. "घरात वीज भरपूर आहे. हा डबा कार्डाला पुरेशी वीज देऊ शकत नाहीये, एवढंच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला चाललंय."

"पण त्या डब्यात वीज येते कुठून?" आप्पांनी शांतपणे विचारलं. "आपल्याच भिंतीतून ना?"

"हो, पण टाकी कितीही भरलेली असू दे, नळच बारीक असेल तर धार बारीकच येणार."

"म्हणून म्हणतो, बाकीचे नळ बंद ठेवा."

जुन्या कार्डावर आता पाचच्या आत फिल्म होणार नव्हती. तिने नवऱ्याला नवा पॉवर सप्लाय आणायला धाडलं. तो गेला तो गेलाच. तो येईपर्यंत आप्पांनी वेळ फुकट घालवला नाही. त्यांनी दारावरच्या बेलचं बटणसुद्धा सोडवून ठेवलं. घरात उकाडा असह्य झाला तेव्हा त्यांनी सासूबाईंना आणि काकूंना स्टूल देऊन बाहेर जिन्यात बसवलं आणि स्वतः दाराशी पहारा धरला. आत कुणी गेलं तर चुकून दिवा लावेल, अशी त्यांना भीती होती.

नवरा घामाघूम होऊन परतला. पॉवर सप्लाय दणकट होता, जागेवर चपखल बसला, चारही स्क्रू लागले. फक्त त्याची मुख्य पिन कॉम्प्युटरच्या बोर्डात जाईना. हा कॉम्प्युटर कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला, जुन्या बाजारातून आणलेला. आणि तो बनवणाऱ्यांनी जगाला वेगळी पिन आणि स्वतःला वेगळी पिन ठेवलेली. नवऱ्याने पिन उलटी करून पाहिली, आडवी करून पाहिली, शेवटी तो तिला दाबायला लागला तेव्हा बायकोने त्याच्या हातातून ती काढून घेतली.

"बाहेर जा," ती म्हणाली.

"अगं, पण मी..."

"तू खूप केलंस. आता जिन्यात जाऊन बस."

ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तो गुपचूप गेला. तिने दार लावून घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पुसायलाही तिला वेळ नव्हता. तिने जुना डबा परत जोडला, जुनं कार्ड परत बसवलं. कॉम्प्युटर कुरकुरत चालू झाला. पण फिल्मची वेळ केव्हाच टळून गेली होती. आता होतील ती चार-सहा स्थिर चित्रं. तीच पाठवायची. ती खुर्चीवर बसली.

आणि थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की कुणीही काही विचारत नाहीये. टीव्ही नाही, मिक्सर नाही, 'चष्मा कुठे ठेवला?' नाही, 'चहा होणार आहे का?' नाही. खुर्चीला धक्का नाही. घामाच्या धारा लागल्या होत्या, पण डोकं इतकं थंड तिचं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. ती चित्राकडे नुसतं बघत बसली, आणि बघता बघता तिला दिसलं की दवाखान्याचा काउंटर उंच आहे. आईचा हात धरून आलेल्या पोराला तिथे नुसती फळी दिसेल. तिने काउंटर खाली आणला. खिडकी बाकाच्या पातळीवर घेतली. सगळी चित्रं मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढली. पाचला थोडा अवधी असताना चित्रं रवाना झाली, सोबत फिल्म होऊ शकली नाही म्हणून क्षमा मागणाऱ्या दोन ओळी.

तिने दार उघडलं तर जिन्यात आप्पा बोटाने गप्प राहायची खूण करत उभे होते आणि बाकीचे माना खाली घालून बसले होते.

आर्किटेक्टबाईंचा फोन सहाच्या सुमाराला आला. फिल्म त्या कंपनीनेही पाठवली होती, फार चकाचक होती. पण डॉक्टर काउंटरच्या चित्रापाशी थांबले ते पुढे हललेच नाहीत. काम तिचं. पुढच्या आठवड्यात दवाखान्याच्या वरच्या मजल्याची चित्रं हवीत, अशीच, घाई न करता विचार करून काढलेली. तिने फोन ठेवला आणि नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून आधी हसली आणि मग चांगली रडली. आप्पांनी सर्वांना सांगितलं की शेवटी लोड कमी केल्याचाच गुण आला. कुणी वाद घातला नाही. नव्या कार्डाचं खोकं नवऱ्याने निमूटपणे कपाटावर ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वरच्या मजल्याचं काम काढून बसली. टीव्ही मोठ्याने चालू होता. सासूबाईंनी मिक्सर लावला होता आणि त्या आवाजावर ओरडून त्या साखरेचा डबा विचारत होत्या. आप्पा चष्मा शोधत खुर्चीला धडकून गेले. नवऱ्याने रजा वाढवली होती आणि तो आपला चार्जर कुठे आहे ते दुसऱ्यांदा विचारत होता. तिने कीबोर्डवरचे हात काढून घेतले, क्षणभर डोळे मिटले आणि हाक मारली.

"आप्पा, कॉम्प्युटर परत बंद पडणार असं दिसतंय. लोड येतोय वाटतं."

आप्पा चष्म्याशिवायच ताठ उभे राहिले. टीव्ही गप्प झाला. मिक्सर थांबला. सासूबाई आपलं स्टूल शोधू लागल्या.

"लोड कसा येईल?" नवरा म्हणाला. "जुन्या कार्डाला तर..."

बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"जुन्या कार्डाला काय?" आप्पांनी विचारलं.

"जुन्या कार्डाला तर फारच वीज लागते," नवरा म्हणाला आणि स्टूल उचलून जिन्याकडे निघाला.