भारोभार सुखडी

"वजन उतरवायला काय डोंगर उचलावा लागतो? अक्कल लागते, अक्कल!" भावनगरच्या वालजीभाईंनी भर पंगतीत मांडी थोपटून सांगितलं आणि समोरचं श्रीखंड परत पाठवलं!

हसू नका. माणूस खरंच जिद्दीला पेटला होता. गुडघा पार कामातून गेलेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, नव्वद किलोच्या खाली या, मगच ऑपरेशन. मार्गशीर्षात लेकीचं, किंजलचं लग्न. तिच्या लग्नात त्यांना खुर्चीत बसून टाळ्या पिटायच्या नव्हत्या, गरबा खेळायचा होता!

मग काय विचारता! चाळीस वर्षं गाठियाशिवाय चहाला तोंड न लावणारा हा गडी मोड आलेले मूग तोलून खाऊ लागला. प्रोटीन किती, फॅट किती, कार्ब किती, सगळं तोंडपाठ. बरं, स्वतःपुरतं ठेवावं की नाही? छे! कुटुंबाच्या ग्रुपवर रोज सकाळी एकेका पदार्थाची कुंडली. "थेपला. कॅलरी एकशे वीस. विचार करा!" बघता बघता अख्खं खानदान बाटलं. मेहुणे मगनभाई तर पानावर बसले की आधी मोबाइल काढायचे.

शुक्रवारी काटा एकोणनव्वद पॉइंट चारवर! सोमवारी तपासणी, मंगळवारी ऑपरेशन. त्यांच्या आईनं, जीवीबांनी, पदरानं डोळे टिपले.

"मी माताजींना नवस बोलले होते, दीकरा. तू नव्वदच्या खाली आलास की तुझ्या भारोभार सुखडी वाटेन. रविवारी देवळात तुझी तुला करायची!"

"बा! अगं, नुसतं तूप, गूळ आणि कणीक ती!"

"तुला कोण खा म्हणतंय? दीडशे माणसं बोलावलीत. अर्धा-पाऊण किलो तर आपली माणसं उभ्या उभ्या संपवतात."

हिशेब चोख होता. त्यांच्या कुलदेवीचा नियमच तसा कडक. प्रसादाची सुखडी देवळाच्या फाटकाबाहेर न्यायची नाही आणि आत कणभर उरवायची नाही. उरली तर नवस फिटत नाही.

रविवारी वालजीभाई एका पारड्यात, सुखडी दुसऱ्यात. जयजयकार झाला. मगनभाईंनी एक वडी तोंडात टाकली आणि चक्क हात धुतले!

"अहो, एवढीच?"

"दीडशे कॅलरी! आठ ग्रॅम फॅट! कालच नाही का तुम्ही ग्रुपवर टाकलंत, सुखडीपासून सावध म्हणून?"

दीडशे माणसं, दीडशे वड्या. संपला कार्यक्रम! वालजीभाईंना घाम फुटला. मग शेतातले मजूर बोलावले, मेंढपाळ बोलावले, रस्त्यावरची एसटी थांबवून उतारूंना खाली उतरवलं. तरी दिवस कलला तेव्हा दोन ताटं शिल्लक! पोरंसोरंसुद्धा पोट धरून बसली होती.

पुजारीबापू फाटक अडवून उभे. "नवस तुमच्या नावाचा, वालजीभाई. तुम्हीच बसा आता."

जीवीबांनी दोन्ही ताटं लेकापुढं सरकवली. आईचा नवस मोडायची छाती कुणाची? वालजीभाईंनी बाह्या सरसावल्या. बाविसाव्या वडीपर्यंत ते कॅलरी मोजत होते. पुढं मोजायचं त्राण उरलं नाही, पण दोन्ही ताटं मात्र चाटूनपुसून लख्ख केली!

सोमवारी पाण्याचा थेंबही न घेता ते दवाखान्यात काट्यावर चढले. सोबत जीवीबा आणि किंजल. नव्वद पॉइंट तीन!

"थांबा डॉक्टर!" त्यांनी बूट काढले. पट्टा काढला. किल्ल्यांचा जुडगा, घड्याळ, शेवटी चष्मा. "आता वाचा!"

"एकोणनव्वद पॉइंट नऊ. शाबास!"

वालजीभाईंनी तिथंच गरब्याची एक टाळी दिली. किंजलच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात नर्सनं रक्ताचा रिपोर्ट आणून ठेवला आणि डॉक्टरांचा चेहरा पडला.

"वालजीभाई, साखर तीनशे चाळीस? एवढ्या साखरेवर मी सुरी लावणार नाही. ऑपरेशन पुढं ढकलावं लागेल."

वालजीभाई मान खाली घालून पट्टा बांधू लागले. जीवीबा मात्र खवळल्या.

"तपासणाऱ्याला काही कळतं का, डॉक्टर? सुखडीत साखरेचा एक दाणा नव्हता. सगळा गूळ मी माझ्या हातानं चिरलाय!"