दिनकर अण्णाचा कॉम्प्रेसर

आमच्या शेजारचा दिनकर अण्णा देवांवरची धूळ फडक्यानं पुसत नाही, चष्म्याला रुमाल लावत नाही आणि पायताण झटकत नाही. सगळ्याला हवा मारतो. त्याच्या पोर्चमध्ये लाल टाकीचा कॉम्प्रेसर आहे, त्याला लांबलचक पिवळी नळी आणि नळीच्या टोकाला पिस्तुलासारखी गन. रविवारी सकाळी सातला ते यंत्र घर्र घर्र करायला लागलं की कळंब्याच्या आमच्या कॉलनीत कुणाला गजर लावावा लागत नाही. एकदा वहिनींनी पोह्यातला कोंडा काढायला सांगितला, तर पोहे थेट माझ्या अंगणात! वर हा कंपाउंडवरून ओरडतोय, "मास्तर, निवडल्यालं हायत, खावा बिनधास्त!"

"हवेसारखा गडी न्हाई" हे त्याचं पालुपद. पाऊस चांगला झाला, हवेसारखा गडी न्हाई. लग्नात मटण झकास झालं, तरी हवेसारखा गडी न्हाई. वीट आलाय मला.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर जळतोय. जळतोयच की! लपवायचं कशाला? अण्णा राहायला यायच्या आधी वीस वर्षं या गल्लीतल्या गाड्यांचा डॉक्टर मी होतो. आठवडाभर शाळेत मराठी शिकवायची आणि रविवारी हातात पाना धरायचा. कुणाचं चाक पंक्चर झालं, कुणाची स्कूटर चालू होईना, की "मास्तरांना हाक मारा." मी जॅक लावायचो, पान्यावर भार देऊन नट सैल करायचो, घाम पुसायचो. मग चहा यायचा. आलं घातलेला.

अण्णा आला आणि तो चहा त्याच्या पोर्चमध्ये जायला लागला. गडी साखर कारखान्यात फिटर होता, मुदतीआधीच नोकरी सोडून आलेला. मला एक चाक उतरवायला पंधरा मिनिटं लागायची. हा नळीला नट काढायची दुसरी गन जोडायचा, ती टर्र, टर्र, टर्र करायची की नट खाली. तेही डाव्या हातानं! उजवा हात खिशात. काय तो रुबाब! जणू चौकातल्या वाढदिवसाच्या डिजिटल बोर्डासाठी फोटो काढून घेतोय. बघूनच माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

गननं नट जादा आवळला जातो, आटे जातात, असं मी गल्लीभर सांगत फिरलो. कुणी ऐकलं नाही. मग इरेला पेटून मी माझ्या गाडीच्या चारी चाकांत पायपंपानं हवा भरली आणि दोन दिवस कंबर धरून बसलो. माझी बायको सुनंदा शेक देता देता काय म्हणाली असेल? "अण्णांच्याकडं दोन मिनिटांत झालं असतं." पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय!

खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो, गाड्यांना हार घालतो. पण अण्णाचा कायदा निराळा. "चाकाच्या आत वर्साची धूळ ठिवून भाईरनं हार? देवाला दिसत न्हाई व्हय?" म्हणून तो आधी गल्लीतल्या गाड्यांची चाकं उतरवणार, आत हवा मारणार, मगच पूजेला सोडणार. यंदा मी झेंडूची फुलं घेऊन आलो आणि बघतो तर काय, त्याच्या दारातल्या रांगेत पहिली गाडी माझी! सुनंदानं परस्पर नेऊन लावलेली. जॅकवर चढलेलीसुद्धा. जिच्या चाकाला माझ्याशिवाय कुणी हात लावला नव्हता, ती माझी गाडी.

अण्णानं गन लावली. टर्र, एक नट. टर्र, दुसरा. आणि लाईट गेली. टाकीतल्या उरलेल्या हवेवर तिसरा निघाला, पण चौथ्याला गननं फुस्स करून मान टाकली. सगळी गल्ली हार घेऊन उभी आणि कॉम्प्रेसर गप्प. मला त्या वेळी जो आनंद झाला, तो सांगायचीही आता लाज वाटते. मी घरात गेलो, माझा पाना आणला आणि सगळ्यांच्या देखत अण्णापुढं धरला.

"घ्या अण्णा. फिटर ना तुम्ही? का हवेबरोबर कसबही गेलं?"

"ऱ्हाऊ द्या वो मास्तर. येतीया की लाईट आत्ता."

"घ्या वो! लाजताय काय?"

त्यानं उजवा हात खिशातून काढला. पाना तळव्यावर घेतला, पण बोटं मिटलीच नाहीत. पाना ठण्णकन फरशीवर पडला.

आधी अण्णाच हसला. "लकवा मारल्याला न्हवं का. म्हणून तर नोकरी सोडली. हवेचं बरं असतंय, डाव्या बोटानं दाबलं की जोर ती लावती."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "चुकलो अण्णा," एवढंच तोंडातून निघालं. खाली बसलो, पाना चौथ्या नटाला लावला. अण्णा माझ्या शेजारी उकिडवा बसला.

"मास्तर, एक सांगू? तुम्ही दारात पाना मारत असता तवा मी खिडकीतनं बघत असतो. लई जळतो तुमच्यावर."

"माझ्यावर?"

"मग! नट सुटायच्या आधी हाताला कळतंय. गनला त्यातलं काय कळत न्हाई. हातातला जोर गेला, ते सोसलं. पर ते कळणं ऱ्हायलंय का तेबी गेलं..." त्यानं उजव्या हाताकडं पाहिलं. "कुणाला इचारायचं हे?"

मी त्याचा उजवा हात धरला, पान्याच्या दांड्यावर ठेवला आणि वरून माझी मूठ आवळली. हात गार होता. मी जोर लावला. नट लेकाचा हट्टी, जागचा हलेना. मी दातओठ खात होतो आणि अण्णानं डोळे मिटून घेतले होते.

"आला," तो हळूच म्हणाला.

"कुठं काय? हललासुद्धा नाही," मी म्हणालो, आणि तेवढ्यात नट कट् करून सुटला.

अण्णानं डोळे उघडले. ते भरून आले होते. "हाय की वो मास्तर," तो म्हणाला, "हाय अजून!"

माझेही डोळे भरले, नाही कशाला म्हणू? पण खरं सांगतो, वीस वर्षं पाना मारणाऱ्या माझ्या हाताला ते कळलं नव्हतं. तेव्हाही मी जळलोच.