खिडकी क्रमांक चारचा उलटा पडदा

सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता खिडकी क्रमांक चारवरील संगणकाच्या पडद्याने शीर्षासन केले. अक्षरे तीच, ओळी त्याच, उजेडही रोजचाच. फक्त वरचे खाली आणि खालचे वर. रहिवासी दाखले देणाऱ्या कारकुनाने पडद्याकडे पाहिले, चहा संपवला, पुन्हा पाहिले, आणि ही बाब आपल्या अधिकारकक्षेत येत नाही असे ठरवून तो निवांत झाला.

रांगेत पहिल्या होत्या टायपिंगच्या बाई. आळीतल्या दीडशे पोरींची बोटे त्यांनी कळांवर वळवली होती. त्यांच्या लेकीला रस्त्यापलीकडच्या परिचारिका विद्यालयात जागा मिळाली होती. शुक्रवारी पाचच्या आत रहिवासी दाखला पोचला तर जागा तिची, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीची.

"भाऊ, कळफलक पुसताना तीन कळा एकदम दाबल्या गेल्या असतील," बाई म्हणाल्या. "त्याच परत दाबा, फक्त खालच्या बाणाऐवजी वरचा. झालं."

"ताई, तुम्ही खिडकीच्या बाहेर आहात ना? मग बाहेरचंच बोला."

नियम असा, की अर्जदाराने किंवा त्याच्या पालकाने तपशील पडद्यावर स्वतः वाचून 'बरोबर आहे' असे तोंडी सांगावे. वाचला नाही तर दाखला नाही. मग पडदाच उलटा करून ठेवा, असे बाईंनी सुचवले, तेव्हा कारकुनाच्या अंगावर काटा आला. पडद्याच्या कडेला मालमत्ता क्रमांकाची पट्टी होती. पडदा उलटला की क्रमांक उलटणार, आणि वार्षिक तपासणीत एक वस्तू गहाळ व एक परकी वस्तू जास्त निघणार.

मंगळवारी तंत्रज्ञ आला. त्याच्याजवळ छापील तक्ता होता. पडदा चालू आहे का? होय. अक्षरे दिसतात का? होय. रंग? होय.

"अहो, पण उलटं दिसतंय," कारकून म्हणाला.

"दिसतंय ना? माझ्याकडे न दिसण्याची तक्रार असते. दिशेचा रकानाच नाही."

'दोष आढळला नाही' अशी नोंद करून, खाली कारकुनाची सही घेऊन तो गेला.

बुधवारी मोठ्या साहेबांनी जातीने पाहणी केली. ते इतके वाकले, की खिशातले पेन पडले. लाल चेहऱ्याने उठून त्यांनी परिपत्रक काढले. ज्याअर्थी दोष आढळला नाही, त्याअर्थी पडदा सरळ आहे. सबब नागरिकांनी त्यास अनुरूप व्हावे. मान वाकवून वाचावे. ज्यांची मान वाकत नाही त्यांनी वाकणारा नातेवाईक सोबत आणावा. अर्जावरील फोटो उलटा चिकटवावा, जेणेकरून पडद्यावर अर्जदार सुलटा दिसून ओळख पटेल.

नाचता येईना अंगण वाकडे, ही झाली जुनी तक्रार. इथे अंगण वाकडे म्हणून नाचणाऱ्यांचे पाय मुरगाळायचे ठरले. आणि पाय पुढे करायला ही झुंबड. गुरुवारी एक जावई सासूबाईंची कंबर धरून सांगत होता, "आणखी थोडं, आई, आडनाव यायचंय अजून." ताठ उभे राहून वाचू पाहणाऱ्याला लोक हसत. नवीन दिसतोय बिचारा.

बाईंचा सुलट फोटोचा अर्ज बुधवारी परत आला होता. गुरुवारी त्यांचा नंबर येण्याआधीच खिडकी बंद झाली. घरी लेक आपलाच फोटो उलटा धरून बसली.

"आई, एक अक्षर चुकलं तर अख्खं पान परत टाइप करायला लावतेस ना तू?"

"कडेचा डिंक पूस," आई म्हणाली.

शुक्रवारी पावणेपाचला नंबर लागला. कारकुनाने अर्ज पडद्यावर उमटवणाऱ्या यंत्रात सरकवला आणि शिक्क्याची शाई आणायला आत गेला. कळफलक काचेखालच्या फटीशी होता. बाईंचा हात, उतू जाणाऱ्या दुधाकडे धावावा तसा, आत गेला. तीन कळा. पडदा सुलटा झाला. तान्हे बाळ कुशीवर वळावे इतक्या हलकेच. फोटोतली लेक मात्र त्यात डोक्यावर उभी राहिली.

कारकून परतला. "हे कुणी केलं?"

"सरळ झालं की हो, भाऊ."

"पडदा झाला. अर्जदार उलटी आहे. उलट्या इसमास दाखला देता येत नाही. सोमवारी नवा फोटो लावून या."

मागे रांगेत चुळबुळ झाली. तिसांच्या तिसांनी फोटो उलटे चिकटवले होते.

"कुणी सांगितलाय हा शहाणपणा?"

"सगळं सुरळीत चाललं होतं की."

"ओ बाई, आधी होतं तसं करा."

पाचाला सात मिनिटे कमी होती. बाईंनी लटकणाऱ्या लेकीकडे पाहिले. कारकून आपल्या कक्षेतल्या भिंतीकडे पाहू लागला. बोटे पुन्हा आत गेली. बाण या वेळी खालचा. बाईंनी मान वाकवली, वाचले, 'बरोबर आहे' म्हणाल्या. शिक्का पडला. दाखला छातीशी धरून त्या रस्ता ओलांडत धावल्या, आणि लेकीची जागा राहिली.

बाईंनी शेवटी मान तुकवली, म्हणून त्यांना खुशाल नावे ठेवावीत. ठेवताना एवढेच ध्यानात असावे, की रांगेत त्यांच्या मागे तिसरे आपण होतो, आणि 'आधी होतं तसं करा' हे आपणच म्हणालो.