भरती रद्द

साहेबांनी किल्ल्या मागितल्या तेव्हा मावशी नळाखाली बादल्या घासत होती. तिनं मान वर केली नाही.

"मावशी, हंगाम संपला. उद्यापासून कपडे बदलायच्या खोल्या बंद, गोड्या पाण्याचे नळ बंद, छत्र्या-टायर कोठीत. पोरं कालच घरी पाठवली. तुम्हीही आता आराम करा."

पोरं म्हणजे किनाऱ्यावर शिट्टी घेऊन उभे राहणारे जीवरक्षक. हंगामी माणसं. मावशीही हंगामीच, पण इतके हंगाम झाले होते की समुद्राच्या त्या राष्ट्रीय उद्यानात तिच्याआधी फक्त समुद्रच आला असेल.

"लोक येतात की अजून," मावशी म्हणाली. "वाळू अंगाला लागायची थांबते काय हंगाम संपला म्हणून?"

"कुणी येत नाही. मी तसं वर कळवलंय. मोठ्या बाई स्वतः बघायला येणार आहेत. त्यांनी मान हलवली की कायमचं कुलूप."

"मग त्यांची मान हलेपर्यंत किल्ल्या माझ्याकडं राहतील," असं म्हणून मावशीनं किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचला आणि बादली आपटली. साहेबांना बादलीचं पाणी आणि मावशीचं तोंड या दोन्हींची धास्ती होती. त्यांनी किल्ल्यांचा नाद सोडला आणि कोठीला स्वतःचं नवं कुलूप ठोकलं. शिवाय जाता जाता किनाऱ्यावरचा फळा उचलून रस्त्यावरच्या मोठ्या फाटकाला टांगायला लावला. किनाराच बंद, तर फळा तिथं कशाला?

तो फळा म्हणजे मावशीचा जीव. तिला अक्षरओळख झाली ती केस पिकल्यावर. तिकीट खिडकीवर बसणाऱ्या सुनेनं मधल्या सुट्टीत तिला एकेक अक्षर गिरवायला लावलं होतं. तेव्हापासून फळ्यावर दुसऱ्या दिवसाच्या भरतीची वेळ लिहायचं काम मावशीनं कुणाला करू दिलं नाही. त्या संध्याकाळीही ती तरातरा फाटकावर गेली आणि ठसठशीत अक्षरांत लिहून आली. फळ्यावरचं बाकीचं लिखाण जुनं, रंगानं केलेलं होतं. सगळं मिळून ते असं दिसत होतं :

राष्ट्रीय उद्यान
सोमवार. भरती दुपारी बारा वाजता.
पोहता येणे आवश्यक. मौल्यवान वस्तू आणू नयेत. ओळखपत्र दाखवल्यास खोली मिळेल.

किनाऱ्यावर हाच मजकूर वाचून लोक चपला सांभाळत मागं सरकायचे. पण रस्त्यावर फाटकासमोर बसथांबा होता. तिथं ताटकळणाऱ्या कुणीतरी फळ्याचा फोटो काढला आणि मेव्हण्याला धाडला. मेव्हणा बरेच दिवस बेकार होता. मेव्हण्यानं तो मित्रांना धाडला.

सोमवारी सकाळी फाटकाबाहेर रांग लागली. इस्त्रीचे शर्ट, काखेत प्रमाणपत्रांच्या पिशव्या, आणि पोहायचं आहे म्हणून खांद्यावर टॉवेल. फाटकावरच्या रखवालदाराला सगळे 'होहो' म्हणत, कारण त्याला कमी ऐकू यायचं आणि ते कळू नये म्हणून तो सगळ्यालाच "हो हो" म्हणायचा. आज मात्र 'भरती' हा एक शब्द त्याला नीट ऐकू आला.

"काका, भरती इथंच ना?" रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या रुंद खांद्यांच्या बाईनं विचारलं.

"हो हो."

"मोठी आहे का?"

"हो हो! आज अमावास्या. आज मोठीच."

"अमावास्येला कशाला काढली मेल्यांनी," बाई पुटपुटली. "आणि जागा किती?"

"जागा?" होहोनं दोन्ही हात पसरले. "सगळा किनारा मोकळा आहे!"

रांगेत आनंदाची लाट उसळली. मागच्या एकानं विचारलं, "खोली बायकोसकट मिळेल का?" त्यालाही होहोनं "हो हो" केलं.

साहेब आले ते घामाघूम होऊन. गर्दी चुकवून मागल्या वाटेनं ते थेट मावशीपाशी पोहोचले.

"मावशी! ही भरती कुणी काढली?"

"चंद्रानं."

"कोण चंद्र? हंगामी आहे की कायम?"

"कायम. तुमच्या आधीपासून."

तेवढ्यात सून धावत आली आणि तिनं बाहेरचा गोंधळ सांगितला. साहेबांनी कपाळाला हात लावला. खरं तर ते वाईट नव्हते. आवाज उतरवून ते म्हणाले, "मावशी, तुमची चूक नाही. फक्त एक शब्द जोडा. 'समुद्राची भरती' असं लिहा. लोक समजून घेतील, जातील."

"नाही लिहिणार."

"का?"

"समुद्रावर समुद्राची भरती लिहायची? उद्या म्हणाल, नळावर 'ओलं' असं लिहा."

"अहो आई, लिहा ना," सून म्हणाली. मग जवळ सरकून हळूच, "'द्र' येत नाही म्हणून ना? मी काढून देते."

मावशीनं तिच्याकडं असं पाहिलं की सुनेला तिकीट खिडकीवरचं काम आठवलं. पण घाव वर्मी लागला होता. मावशीनं सगळी बाराखडी सर केली होती, काही जोडाक्षरांनाही तिनं दाती तृण धरायला लावलं होतं. 'द्र' मात्र हाती लागत नव्हता. द काढला की र कुठं टांगायचा, आणि टांगला की तो शेपटीसारखा भलतीकडंच वळवळायचा. आता साहेबांसमोर, एवढ्या पदवीधरांसमोर ती शेपटी काढायची? त्यापेक्षा जग उलटं झालं तरी चालेल.

"माझ्या फळ्यावर जे आहे ते बरोबर आहे," ती म्हणाली. "लोकांना वाचता येत नाही त्याला मी काय करू?"

साहेब चिडले. स्वतः फाटकावर गेले आणि मावशीच्या ओळीवर फडकं फिरवून त्यांनी लिहिलं : भरती रद्द. हुकमावरून.

झालं. रांग खवळली. "रद्द कशी? कुणाचा माणूस आत घेतला?" असं ओरडत सगळे फाटकातून आत घुसले आणि कपडे बदलायच्या खोल्यांसमोर ठाण मांडून बसले. मावशीनं त्यांना हाकललं नाही. तिनं नळ सोडले. "प्या पाणी. बसा. आज मलाही रद्दच केलंय."

नेमक्या त्याच घटकेला मोठ्या बाईंची गाडी फाटकात शिरली. "इथं कुणी येत नाही" असं लिहून दिलेल्या साहेबांनी लांबून ती गर्दी पाहिली मात्र. पुढं धावत जाऊन त्यांनी गाडीचं दार उघडलं.

"बाई, आधी खडकाकडं जाऊ. तिथून किनारा कसा ओस पडलाय ते दिसतं."

"आत्ता भरतीबिरती आहे का?" बाईंनी विचारलं.

"हो हो!" होहो म्हणाला.

पण बाईंनी फळा वाचला. "अरे, रद्द आहे म्हणे," त्या म्हणाल्या, आणि साहेबांसोबत मागल्या वाटेनं निघाल्या. साहेबांचं अर्धं लक्ष बाईंकडं, अर्धं गर्दीकडं. समुद्रासाठी लक्ष उरलंच नव्हतं. ओल्या वाळूतून चालत दोघं काळ्या खडकावर चढली. साहेबांनी हात फिरवून ओस किनारा दाखवला. बाईंनी मान हलवायला घेतली आणि ती मध्येच थांबली. ज्या वाळूवरून त्या आल्या होत्या, ती वाळूच जागेवर नव्हती. समुद्रानं साहेबांचा हुकूम वाचला नव्हता.

साहेबांची हाक मावशीनं ओळखली. ती कोठीकडं धावली. दोर आत, टायर आत, शिट्टी आत, आणि दाराला साहेबांचं नवं कुलूप. तिकडं खडकावर साहेब हात उंचावून काहीतरी चमकतं नाचवत होते.

"किल्ली माझ्याकडं आहे!"

"मग तुम्हीच या उघडायला!" मावशी ओरडली आणि तिनं दगड उचलला. नवं कुलूप जुन्या मावशीपुढं टिकलं नाही. शिट्टी तोंडात धरून ती वळली. पोरं तर परवाच घरी पाठवलेली. समोर मात्र टॉवेल घेतलेली, पोहता येणारी, नोकरीसाठी आसुसलेली माणसं बसली होती. मावशीनं शिट्टी फुंकली.

"उठा! भरती सुरू झाली!"

प्रमाणपत्रांच्या पिशव्या धडाधड खाली पडल्या. रुंद खांद्यांच्या बाईनं दोर कमरेला बांधला आणि ती सगळ्यांच्या पुढं पाण्यात उतरली. मागं माणसांची साखळी लागली. पाणी छातीपर्यंत चढलं होतं, पण साखळी हलली नाही. साखळीतला एकजण साहेबांना टायरमध्ये बसवताना विचारत होता, "साहेब, नाव आत्ता लिहून घेता की बाहेर गेल्यावर?"

मोठ्या बाईंना मावशीनं गोड्या पाण्यानं न्हाऊ घातलं, खोली दिली. 'हरवले-सापडले'च्या पेटीतून कोरडे कपडे काढले. बाईंना झबल्यासारखा झगा मिळाला, साहेबांच्या वाट्याला लाल फुलांचा सदरा आला, तोही बायकांचा.

बाई कपबशी हातात घेऊन बाकावर बसल्या. "साहेब, ही खोली आज बंद असती तर मी कुठं गेले असते?"

साहेब सदऱ्यावरची फुलं मोजत राहिले.

"आणि या दिवसांत इथं कुणी येत नाही ना? मग ही एवढी माणसं कोण?"

"ती... भरतीसाठी आली आहेत."

"कुठल्या भरतीसाठी?"

"दोन्ही," मावशी म्हणाली.

बाई गाडीत बसल्या त्या झग्यातच. जाताना त्यांनी साहेबांना एवढंच सांगितलं, की खोल्या बारमाही उघड्या राहतील, मावशीही बारमाही, आणि कोठीचं दार उघडायला यापुढं दगड लागता कामा नये. रुंद खांद्यांच्या बाईचं नाव त्या आवर्जून विचारून गेल्या.

संध्याकाळी साहेब खडू घेऊन मावशीकडं आले. सदरा अजून अंगावरच होता.

"मावशी, आता खरोखर माणसं घ्यायची आहेत. फळ्यावर लिहा, भरती."

"कुठली?" मावशीनं विचारलं. "एक शब्द जोडा की साहेब. लोकांचा घोटाळा होतो."

साहेबांनी मुकाट्यानं खडू पुढं केला. मावशीनं तो घेतला, पण फाटकावर जाण्याआधी ती वाळूत उतरली. बोटानं एक 'द्र' काढला, लाटेनं पुसला. दुसरा काढला, तोही पुसला. तिसरा पुसायच्या आत ती उठली आणि चालू लागली, वाटेत कुणाशी बोलली नाही. फळ्यावर तिनं लिहिलं :

माणसांची भरती : सकाळी.
समुद्राची भरती : रोज दोन वेळा. इथे हुकूम चालत नाही.

साहेबांनी दोनदा वाचलं. हातात फडकं होतं, ते त्यांनी खाली ठेवलं. मग पुढं होऊन 'द्र'ला फुटलेली जास्तीची शेपटी तेवढी बोटानं हळूच पुसली.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले.

"आधीही बरोबरच होतं," मावशी म्हणाली, आणि तिनं शेपटी परत काढली.