एकविसावा नारळ

सव्वासहा वाजले तरी सत्कार संपेनात. शाळेच्या पटांगणातल्या मांडवात, स्टेजवरच्या खुर्चीत, पियानोकडे पाठ करून, वीरधवल फेटा सावरत बसला होता आणि त्याची नजर सारखी पहिल्या रांगेत बसलेल्या वडिलांच्या घड्याळाकडे जात होती. वडील, नाथाजी, निवृत्त नायब सुभेदार. चोवीस वर्षं त्यांनी फौजेचे ट्रक दुरुस्त केले होते. सकाळीच त्यांनी बायकोला, शालूबाईंना, बजावलं होतं, "सातला म्हशीची धार. तवर काय वाजवायचं त्ये वाजवू दे."

वीरधवल बावीस वर्षं युरोपात पियानो वाजवत होता. तिथले लोक त्याला ऐकायला महिनाभर आधी तिकिटं काढत. कान तर इतका नाजूक, की प्रागमध्ये एका बाईंनी गोळीचा कागद उलगडला म्हणून याने मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती. वडिलांनी, म्हणजे त्याच्या आबांनी, मात्र त्याला एकदाही ऐकलं नव्हतं. पोरगं काय करतंय असं कुणी विचारलं, तर ते म्हणत, "बसून करायचं काम करतंय." हे वीरधवलला फार लागायचं. म्हणून तर पुण्याहून टेम्पोत घालून भला मोठा पियानो आणवला, तो सुरात जुळवून घेतला आणि पाटणजवळच्या आपल्या गावातच कार्यक्रम ठेवला. आज आबांनी ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं.

पण माईक सरपंच आप्पासोंच्या हातात होता आणि आप्पासोंना कुणालाही दुखवायचं नव्हतं. सोसायटीतर्फे वीरधवलचा सत्कार झाला, तालमीतर्फे झाला, तीन गणेश मंडळांतर्फे, बचत गटांतर्फे झाला. एकाला वगळावं तर तो पुढची पाच वर्षं कुणाच्या लग्नाला येत नाही. शेवटी मांडववाल्यानेही शाल आणि श्रीफळ दिलं. एकवीस शाली, एकवीस नारळ.

साडेसहाला वीरधवल पियानोपाशी बसला. डोळे मिटले, बोटं ठेवली आणि पहिला आघात केला. आतून खडखडाट झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना वाटलं असंच असतं. वीरधवलने उठून उघड्या झाकणाखाली पाहिलं.

"आप्पासो, हे नारळ आत कुणी ठेवले?"

"मीच की. ह्या पेटीपायी टेबल काढलं, मग ठिवायचं कुठं? आत ऐसपैस जागा हुती."

"अहो, त्या तारा आहेत!"

"मग? लोखंडी हायत्या. नारळानं काय हुतंय त्यास्नी?" असं म्हणून आप्पासोंनी आत हात घातला. एक तार कण्हली.

तेवढ्यात नाथाजी उठले. झालं, निघाले म्हशीकडे, असं वीरधवलला वाटलं. पण नाथाजी स्टेजवर चढले, आप्पासोंना बाजूला केलं आणि चष्मा लावून आत वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"वीरू, ह्यात एवढी मशिनरी?"

"हो आबा. बारा हजार भाग असतात."

"मला वाटलं, पेटी." मग ते आप्पासोंकडे वळले. "आन ह्याच्यावर तू नारळ ठिवलंस व्हय रं?"

आप्पासोंनी माईक खाली ठेवला. गावाने तो प्रसंग पहिल्यांदाच पाहिला.

नाथाजींनी तालमीच्या चार गड्यांना रांगेत उभं केलं. स्वतः एकेक नारळ हलकेच उचलायचा आणि पुढे द्यायचा. मग उपरण्याच्या शेवाने तारा पुसल्या, फुंकर मारून हळदकुंकू उडवलं. घाईचं नाव नाही. सात वाजले, सातवर पाच झाले. गल्लीतून म्हैस हंबरली. सगळ्यांनी नाथाजींकडे पाहिलं. शालूबाई उठल्या.

"मी जाते धारेला."

"बस खाली," नाथाजी पहिल्या रांगेत परत येत म्हणाले. "थांबंल ती."

बारा वर्षांत ती म्हैस कुणासाठी थांबली नव्हती.

वीरधवल वाजवू लागला. सूर स्वच्छ लागले, मांडव शांत झाला. डावा हात खालच्या सुरांवर उतरला आणि आतून 'टक' असा आवाज आला. पियानोच्या पार शेवटच्या निमुळत्या टोकाला एकविसावा नारळ अडकून राहिला होता. पुन्हा 'टक'. वीरधवलचे हात थबकणार होते. सवयच होती ती. तेवढ्यात त्याची नजर आबांकडे गेली. आबा डोळे मिटून बसले होते आणि नेमके प्रत्येक 'टक'ला मान डोलावत होते.

तो थांबला नाही. पंचवीस मिनिटं वाजवत राहिला, नारळासकट.

शेवटी टाळ्या ओसरल्यावर नाथाजी स्टेजपाशी आले. लेकाचा घामाने भिजलेला सदरा त्यांनी नीट न्याहाळला.

"हे बसून करायचं काम न्हाई," ते म्हणाले.

हे ऐकायला वीरधवलला बावीस वर्षं लागली होती.

"बाकीचं मला काय लय कळलं न्हाई," नाथाजी पुढे म्हणाले. "पन ते मधनं मधनं टक करत हुतास, त्ये लय झ्याक. कसं जमवतोस रं?"

वीरधवलने एकदा पियानोकडे पाहिलं, एकदा आबांकडे. बावीस वर्षांत न वापरलेली बोली आपोआप तोंडात आली.

"त्योच भाग लय अवघड हाय, आबा."

"तरीच," नाथाजी म्हणाले आणि धारेला गेले.